फोंड्याची पद्मिनी, १:२४ : विकलेल्या गाडीची प्रतिकृती बांधण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका कुटुंबाकडे १९७९ पासून १९९८ पर्यंत प्रीमियर पद्मिनी होती. गाडी विकली तेव्हा आर.सी. बुक आणि किल्ल्या नव्या मालकाकडे गेल्या. घरात उरली ती अल्बममधली थोडी छायाचित्रे, एक हबकॅप आणि विम्याचे जुने कागद. मूळ मालकांच्या पंच्याहत्तरीला, म्हणजे नोव्हेंबरात, त्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती द्यायची असे त्यांच्या भाच्याने मे महिन्यात ठरवले. भाचा पर्वरीत राहतो. प्लास्टिकच्या तयार किटवर त्याचा हात चांगला बसलेला, पण अख्खी बॉडी स्वतः घडवण्याचे काम त्याच्यासाठी नवे होते. ओळख पटू नये म्हणून पुढे दोघांना मामा आणि भाचा एवढेच म्हटले आहे.

गाडीबद्दल थोडे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाजारात आणली. तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, पुढच्या दारांना तिकोनी काच आणि मागे छोटे पंख. तिच्या आधीची गोलगरगरीत ११००, जिला लोक डुक्कर फियाट म्हणत, ती वेगळी. मॉडेलसाठी संदर्भ जमवताना या दोघींची सरमिसळ फार होते. इटलीतल्या ११०० डीचे, म्हणजे हिच्या मूळ गाडीचे, आराखडे सांगाड्यापुरते चालतात. पण तिथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून वायपरही उलटे. जाळी, दिवे आणि पट्ट्या तर भारतात वेळोवेळी बदलत गेल्या.

अडचण

१:२४ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढे, पद्मिनीचे किट बाजारात सापडले नाही. ही अडचण पहिल्या दिवसापासून दिसत होती आणि सगळा विचार तिच्याभोवतीच फिरला. खरी अडचण वेगळी होती आणि ती सप्टेंबरपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नाही : १९ वर्षे वापरलेली गाडी ही एक गाडी नसते. मामांच्या पद्मिनीला १९८६ मध्ये टपावर कॅरिअर बसला, १९९१ मध्ये डावे पुढचे दार बदलून गाडी नव्याने रंगवली गेली आणि त्यानंतर कधीतरी डावीकडेही आरसा आला. भाचा लहानपणी ज्या गाडीत बसला ती गडद निळी, कॅरिअरवाली. अल्बममध्ये दिसते ती फिकट क्रीम, कॅरिअर नसलेली. भाच्याने आठवणीतला कॅरिअर, छायाचित्रातला रंग आणि घरातली हबकॅप एकत्र केली. तशी गाडी मामांच्या दारात कधीच उभी नव्हती.

कोणते पर्याय तपासले

आधी माप. १:४३ मध्ये फियाट ११००ची तयार मॉडेल मिळतात, ती आणून रंग बदलणे सर्वांत सोपे. पण त्या मापात पद्मिनीचा २३४० मिमीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, जेमतेम ५४ मिमी होतो. डॅशबोर्डवरचा गणपती, काचेवरची पट्टी, नंबर प्लेट या ओळखीच्या खुणा तिथे डोळ्यांना दिसतच नाहीत. १:१८ मध्ये व्हीलबेस १३० मिमी आणि गाडीची लांबी २१८ मिमीच्या आसपास येते. दिसायला देखणे, पण भाच्याच्या आवाक्यातल्या रेझिन प्रिंटरची (द्रव रेझिन उजेडाने थराथराने घट्ट करून वस्तू घडवणारे यंत्र) जागा १४३ × ८९ × १७५ मिमी होती. म्हणजे बॉडी कापून दोन तुकड्यांत छापायची, आणि सांधा नेमका टपावर किंवा दारांवर. १:२४ मध्ये व्हीलबेस ९७.५ मिमी, रुंदी ६१ मिमी आणि बंपर सोडून बॉडी १५८ मिमी. ही उभी करून एकसंध छापता येते. शिवाय याच मापाच्या किटमधले आरसे, वायपर आणि दिव्यांच्या काचा उसन्या घेता येतात. १:२४ ठरले आणि तो निर्णय शेवटपर्यंत बरोबर ठरला.

मग बॉडी कशी करायची? खेळण्यातली पुल-बॅक टॅक्सी घेऊन तिच्यावर काम करण्याचा विचार पहिल्याच मोजणीत बाद झाला. खेळण्याची चाके एकसारखी बसावीत म्हणून व्हीलबेस आखडलेला असतो आणि टप फुगवलेला, दोन्ही सुधारता सुधारता नवी बॉडीच तयार होते. लाकडी साच्यावर प्लास्टिक शीट आणि पुटीने घडवणे हा जुना, खात्रीचा रस्ता. फक्त पंखांची आणि मडगार्डची वळणे दोन्ही बाजूंना सारखी आणायला हात फार सरावलेला लागतो. प्लास्टिकची तार वितळवून छापणाऱ्या साध्या फिलामेंट प्रिंटरवर पीएलए हे प्लास्टिक वापरून छापले तर थर दिसतात, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीतून असे मॉडेल पर्वरीहून फोंड्याला न्यायचे म्हणजे टप बसलाच म्हणायचा. राहिले रेझिन.

इंजिन दाखवायचे का, यावर फार वेळ गेला नाही. बॉनेट बंद, दारे बंद, आतली बैठक पूर्ण. उघडणारे बॉनेट या मापात सहसा सपाट बसत नाही.

काय केले

*मोजमाप.* डिचोलीजवळ एका घराच्या पडवीत नव्वदच्या दशकातली एक पद्मिनी उभी असल्याचे कळले आणि मालकांनी मोजू दिली. पहिल्या फेरीत फोन अगदी जवळ धरून छायाचित्रे काढली गेली. जवळून काढले की नाक फुगते आणि शेपूट आखडते. त्यावरून केलेल्या त्रिमितीय आकृतीत पुढचे मडगार्ड दीड मिमी जास्त उंच आले. दुसऱ्या फेरीत नऊ-दहा मीटर लांबून, झूम वापरून, गाडीला टेकवलेल्या एक मीटरच्या पट्टीसकट बाजूचे, पुढचे आणि मागचे छायाचित्र काढले. टपाची आणि बॉनेटची वळणे सोल्डरच्या जाड तारेने घेतली : तार पत्र्यावर दाबून वाकवायची, उचलून कागदावर ठेवायची, पेन्सिल फिरवायची. स्वस्त आणि अचूक.

इथे एक सापळा आहे. उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीची उंची जमिनीपासून मोजू नये. टायर बसलेले असतात, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात, त्यामुळे मागची बाजू खाली येते. सगळ्या उंच्या दाराखालच्या चौकटीच्या कडेपासून घ्याव्यात आणि गाडी जमिनीपासून किती वर उभी राहायची ते नंतर, चाके बसवताना ठरवावे. भाच्याने हे वेळेत केले, म्हणून मॉडेल मागून बसलेले दिसत नाही.

*छपाई.* भिंतीची जाडी १.६ मिमी ठेवली. काचेचे खांब खऱ्या मापाने १.८ मिमीच्या आसपास येतात. छापताना ते वाकू नयेत म्हणून खिडक्यांमध्ये आडव्या पट्ट्या मुद्दाम छापल्या आणि रेझिन पूर्ण कडक झाल्यावर कापल्या. बॉडी नाक वर करून तिरकी ठेवली, आधाराच्या काड्या सगळ्या आतल्या बाजूला. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन धुण्या, पहिली मळकी चालते, दुसरी स्वच्छच हवी, नाहीतर कोपऱ्यांत चिकट थर राहतो आणि तिथला प्रायमर आठवड्याने सोलतो. धुण्याचे हे अल्कोहोल परसात ओतायचे नाही. विहीर जवळ असलेल्या घरात तर नाहीच. उघड्या डब्यात, मुलांपासून आणि आगीपासून दूर उन्हात ठेवले की अल्कोहोल उडते, रेझिन घट्ट होऊन तळाशी बसते, मग ते घन कचऱ्यात टाकता येते.

*दारांच्या रेषा.* खऱ्या गाडीत दार आणि चौकट यांत पाचेक मिमी फट असते. २४ने भागले की ०.२ मिमी. आकृतीत तेवढीच ठेवली, हिशेबाने बिनचूक. पण प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर (क्लिअर) मिळून रंगाची जाडी ०.०८ ते ०.१ मिमी होते आणि ती फटीच्या दोन्ही काठांवर चढते. म्हणजे फट जवळजवळ बुजली. जुलैत प्रायमर मारल्यावर दारे बॉडीवर पेन्सिलने काढल्यासारखी दिसू लागली. प्रायमर उतरवून रेषा स्क्रायबरने, म्हणजे रेषा कोरायच्या हत्याराने, ०.४ मिमी रुंद आणि ०.५ मिमी खोल केल्या. रेझिन ठिसूळ असल्यामुळे एकाच जोरकस ओढीत काठ तुटतो. दहा-बारा हलक्या ओढी, जाड टेपची कड पट्टी म्हणून. आकृतीतच ०.४ ठेवले असते तर हे सगळे वाचले असते.

*रंगाचा पहिला प्रयत्न.* जुलै अखेरीस, छायाचित्रावरून मिसळलेल्या क्रीम रंगात. गोव्यात त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव जमते आणि ते रंगातच अडकते. रंग दुधाळ, धुरकट होतो. इथे तेच झाले. कॉम्प्रेसरच्या नळीतून मध्येच पाण्याचा थेंबही उडाला, डिकीवर एक खळगा पडला. हे काम एसीच्या खोलीत करण्याचा सल्ला मिळाला होता. हवा कोरडी मिळते हे खरे, पण बंद झोपायच्या खोलीत थिनरची वाफ भरणे म्हणजे डोकेदुखी आणि आगीला आमंत्रण. भाच्याने ते टाळले आणि चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, रंग थांबवून बॉडी पुन्हा राखाडी प्रायमरवर आणून ठेवली.

निर्णयाचा क्षण : चवथ

चवथीला सगळे फोंड्याच्या घरी जमतात. पंच्याहत्तरीची गंमत तोवर फुटलीच होती, म्हणून भाच्याने प्रायमर मारलेली, कॅरिअर चिकटवलेली बॉडी सोबत नेली. मामांनी ती हातात घेऊन फिरवली आणि विचारले, "ही कुठल्या सालची?" उत्तर नव्हते. मामांच्या मते गाडी पहिल्यापासून निळीच. मामी म्हणाल्या, "निळी तर नंतर केली, ओ! दार कुजलं होतं तेव्हा. ते जुनं दार अजून कुळागरात आहे, पंपाच्या खोलीला लावलंय."

आणि कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, ते खरेच होते. डावे पुढचे दार, खालची कड गंजून गेलेली, पण बाकी शाबूत. वरून ते उन्हापावसाने खडूसारखे झाले होते. खिडकीच्या रबराची पट्टी सोलल्यावर खाली बोटभर रुंदीचा पट्टा मात्र तसाच चकचकीत निघाला, आणि तो क्रीम नव्हता. फिकट, निळसर राखाडी होता.

छायाचित्रे खोटी नव्हती, जुनी होती. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळा-हिरवा रंगद्रव्याचा थर अल्बमच्या अंधारातही आधी फिका पडतो, मग सगळे चित्र तांबूस-पिवळट दिसते. निळसर राखाडी गाडी त्यात क्रीम होणारच. ताडून पाहण्याचा मार्ग त्याच चित्रात होता : मागची चुना लावलेली भिंत आणि मामांचा पांढरा शर्ट हेही क्रीमच दिसत होते. स्कॅन करून शर्ट पांढरा होईपर्यंत रंग दुरुस्त केला तर गाडी दारातल्या पट्ट्याच्या बरीच जवळ आली.

आता तीन वाटा होत्या. १९९१ नंतरची निळी गाडी : भाच्याची आठवण, कॅरिअर तयार, पण त्या काळाची छायाचित्रे जवळजवळ नाहीत. १९७९ची कोरी करकरीत : तिचेही पुरावे तोकडे. तिसरी, १९८३ची. झुआरी पूल सुरू होऊन आगशी-कुठ्ठाळीच्या फेरीबोटीच्या रांगेतून सुटका झाली ते साल. त्या वर्षीच्या मडगाव फेरीची छायाचित्रे तारखेसह होती. मामींनी तीच उचलली, मामांनी मान डोलावली. कॅरिअर निघाला, डावा आरसा निघाला. नंबर प्लेट काळी, त्यावर पांढरी अक्षरे, गोवा, दमण व दीव केंद्रशासित असतानाचा जीडीने सुरू होणारा क्रमांक.

दाराचा आणखी एक उपयोग झाला. त्याची रुंदी आणि तिकोनी काचेचा कोन थेट मोजता आला. डिचोलीच्या गाडीवरून घेतलेला कोन दोन अंशांनी चुकला होता, कारण तिथे ती काच नंतर कुणीतरी बदललेली.

पुढचे काम

रंग ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. दाराचा एक कोपरा पत्र्याच्या कात्रीने कापून गाड्यांचे रंग मिसळणाऱ्या दुकानात नेला आणि पट्ट्याशी जुळवून १०० मिली रंग घेतला. मॉडेलवर तोच रंग जसाच्या तसा मारला तर गडद वाटतो, म्हणून त्यात सुमारे ६ टक्के पांढरा घातला. ०.३ मिमीचा नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, एका भागाला दीड भाग थिनर आणि थिनरच्या दहाव्या हिश्शाइतका रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर. पाणी पकडणारी वाटी कॉम्प्रेसरऐवजी एअरब्रशजवळ लावली, कारण वाफ नळीत थंड होऊन तिथेच पाणी होते. फवारण्यापूर्वी बॉडी ४० वॉटच्या बल्बखाली, झाकण लावलेल्या खोक्यात कोमट केली. फवारणी व्हरांड्यात, आणि लगेच पुन्हा खोक्यात. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेला नाही की धुरकटपणा येत नाही. दोन-घटकी क्लिअर कोटची चकाकी जास्त असते, पण त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनासाठी साधा मास्क पुरत नाही. साधे लॅकर क्लिअर मारले आणि २००० व ३०००च्या कागदाने पाण्यात घासून कंपाउंडने चमकवले. त्याआधी दोन आठवडे थांबणे भाग होते. बोटाला कोरडा लागणारा रंग आतून मऊ असतो, आणि फॉइल चढवताना टेपसोबत उचलला जातो.

क्रोमसाठी खिडक्यांच्या कडांना बेअर मेटल फॉइल, म्हणजे धातूची पातळ चिकट पन्नी. हबकॅप घरातल्या खऱ्या हबकॅपवरून : शीतपेयाच्या डब्याचा ०.१ मिमीचा पत्रा लाकडी दांड्यावर बॉल पेनच्या मागच्या टोकाने दाबून. १४ इंची रिम या मापात १४.८ मिमी होते. टायर रेझिनमध्येच छापून गडद राखाडी रंगवले. किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर कालांतराने रिमचे प्लास्टिक खातात.

पुढच्या काचेवर वरच्या बाजूला लाल पट्टी आणि त्यात पांढऱ्या अक्षरांत श्री मंगेश प्रसन्न. पांढरी शाई साध्या प्रिंटरमध्ये नसते, म्हणून पांढऱ्या डिकल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायचा छापील कागद) फक्त लाल भाग छापला आणि अक्षरे कोरी सोडली. नंबर प्लेटही तशीच. अक्षराची उंची १.९ मिमी. नेहमीचा बारीक फाँट घेतला तेव्हा ६०० डीपीआयवर शिरोरेषा दोन ठिपक्यांची आली आणि लाल शाई तिच्यात पसरून ती तुटली. ठसठशीत फाँट घेऊन शिरोरेषा ०.१७ मिमी, म्हणजे चार ठिपके केली, तेव्हा शब्द वाचता आला. पट्टीच्या कापलेल्या पांढऱ्या कडा मार्करने लाल केल्या.

काचा पाव मिमीच्या पारदर्शक पीईटी शीटच्या, गरम पाण्यात वळवलेल्या. पहिली काच झटपट गोंदाने चिकटवली आणि रात्रीत आतून पांढरे धुके चढले. दमट हवेत त्या गोंदाची वाफ असेच करते. नंतरच्या सगळ्या काचा पाच मिनिटांच्या इपॉक्सीने, टाचणीच्या टोकाने. डॅशबोर्डवरचा गणपती अडीच मिमीचा, इपॉक्सी पुटीचा. सोंड म्हणून तांब्याच्या बारीक तारेचा तुकडा.

निष्पत्ती

मॉडेल पंच्याहत्तरीच्या चार दिवस आधी पूर्ण झाले. मामांनी आधी स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा डाव्या हाताला आहे का ते पाहिले, मग गणपती. रंगावर त्यांचे अजूनही एकमत नाही, तो "जरा फिका" वाटतो. सहा टक्के पांढरा घातलेला असल्यामुळे ती तक्रार अगदीच निराधार नाही. जाळीची एक आडवी पट्टी कमी आहे. ती डिचोलीच्या गाडीवरून आली आणि दाराने तिचा निकाल लागत नव्हता.

मॉडेल ॲक्रिलिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह आहे. पुड्या दर पावसाळ्यात तव्यावर गरम करून पुन्हा वापरायच्या. अॅक्सल पोलादी तारेऐवजी पितळेचे असल्यामुळे गंजाची भीती नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी साल ठरवायला हवे होते, माप आणि प्रिंटर नंतर. त्यासाठी खर्च शून्य : गाडीत काय कधी बदलले याची एक वही घेऊन घरच्या प्रत्येकाशी वेगवेगळे बोलायचे. एकत्र बसवले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच गाडी होते. मामी पहिल्या दिवशी बोलल्या असत्या तर क्रीमची अख्खी खेप आणि कॅरिअरचे काम झालेच नसते. पण त्यांना कुणी विचारलेच नव्हते, गाडी मामांची म्हणून.

पुरावे आपसात भांडू लागले की क्रम असा लावावा : गाडीचा खरा सुटा भाग, तारीख असलेले छायाचित्र, कागदपत्रे, तशाच दुसऱ्या गाडीचे माप, आठवण. सुटे भाग गॅरेजमध्येच असतील असे नाही. दार पंपघराला लागते, सीट अंगणात बाक होते, बंपर फाटकाला जातो. इंटरनेटवरची पद्मिनी बहुतेक वेळा मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी असते. तिच्यावरचा कॅरिअर, मीटर आणि नंतरच्या दुरुस्त्या खासगी गाडीवर आपोआप चढतात, म्हणून ती चित्रे बॉडीच्या वळणांपुरतीच वापरावीत.

पावसाळ्यात थांबण्याचा निर्णय उशिरा झाला, तरी बरोबर झाला. जून ते सप्टेंबर मोजमाप, छपाई, घासकाम, सीट, चाके हे सगळे करता येते. रंग तेवढा मे अखेरीपूर्वी किंवा ऑक्टोबरपासून पुढे. आणि बॉडी एकाच वेळी दोन छापाव्यात. रेझिनचा खर्च किरकोळ, आणि रेषा खोदण्याचा, रंग जुळवण्याचा सराव दुसरीवर करता येतो. या प्रकरणात डिकीवरचा पाण्याचा खळगा पुटीने भरला, पण बाजूने उजेड पडला की तिथे तो अजून दिसतो.